कॉम्प्युटर पोरांचा कसा झाला

आम्ही समन्वयक गटांच्या बैठकांना जातो, तेव्हा अंतर्गत कर्जाच्या मागण्या वाचून दाखवायचं काम बहुतेक वेळा आमच्याकडे येतं. त्यात एक गोष्ट सारखी दिसते. ताईला मुलासाठी पैसे हवे असले की अर्जावर लॅपटॉप लिहिलेला असतो. मुलीसाठी हवे असले की शिलाई मशीन, नाहीतर पार्लरचं सामान. मुलीने एमएस-सीआयटी केलेलं असतं, कधी कधी भावापेक्षा चांगल्या मार्कांनी, तरीही. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं. "त्याला कळतं हो त्यातलं. लहानपणापासून गेम खेळतोय तो."

शिलाई मशीनला आम्ही नावं ठेवत नाही. आमच्यातल्या दोघींची घरं त्यावर उभी राहिली आहेत. पण "त्याला कळतं" हे आलं कुठून, याचा माग काढावा असं आम्हाला वाटलं, आणि काढता काढता आम्ही व्हिडिओ गेमच्या इतिहासात जाऊन पोचलो. कॉम्प्युटर म्हणजे पोरांचं काम, ही समजूत फार जुनी नाही. चाळीसेक वर्षांची आहे, आणि तिला बळ मिळालं ते अमेरिकेतल्या खेळण्यांच्या दुकानांत. त्याआधीची गोष्ट निराळी होती. आज तीच सांगणार आहोत.

१९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात एनिॲक नावाचं यंत्र जगाला दाखवण्यात आलं. एक मोठी खोली भरेल एवढं, वजन तीस टनांच्या आसपास, आत जुन्या रेडिओत असायचे तसे सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह. तोफेचा गोळा कुठे पडेल याची गणितं त्याने करायची होती. यंत्र बांधलं ते पुरुष इंजिनियरांच्या हाताखाली. पण त्याच्याकडून गणित करून घ्यायचं, म्हणजे कुठली वायर कुठे लावायची आणि कुठलं बटण कुठल्या आकड्यावर ठेवायचं हे ठरवायचं काम सहा तरुण मुलींवर सोपवलं होतं. त्यांची नावं घेऊया, कारण तेव्हा कुणी घेतली नाहीत: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. शिकवायला कुणी नव्हतं, पुस्तक नव्हतं. यंत्राचे नकाशे पुढ्यात पसरून त्या शिकल्या. यंत्र दाखवायच्या दिवशी सगळं सुरळीत चाललं ते त्यांनी रात्रंदिवस बसून केलेल्या तयारीमुळे. संध्याकाळी मोठं जेवण झालं, त्याला त्यांना बोलावणं नव्हतं. वर्तमानपत्रांनी यंत्राचं कौतुक छापलं. या बायकांचा जाहीर सन्मान व्हायला १९९७ साल उजाडावं लागलं.

व्हॉल्व्हच्या मागून यंत्रांना आठवण ठेवण्यासाठी मणी आले. आम्ही खरंच मणी म्हणतोय. लोखंडाच्या भुकटीपासून भाजून केलेली बारीक काळसर कडी, मध्ये भोक. काळ्या पोतीतल्या मण्यांसारखी, पण त्याहूनही लहान. प्रत्येक मण्यातून एक तार उभी जायची, एक आडवी, शिवाय आणखी एक-दोन. तारांमधून वीज सोडली की मण्यातलं चुंबकत्व या अंगाला तरी फिरायचं, नाहीतर त्या अंगाला. एक अंग म्हणजे 'हो', दुसरं म्हणजे 'नाही'. वीज गेली तरी मणी विसरायचा नाही. असे हजारो मणी चौकटीत ओवले की झाली कॉम्प्युटरची मेमरी. हे ओवण्याचं काम पुष्कळ वर्षं यंत्राला जमलंच नाही. ते बायकांनी केलं, हातात सुई-तार घेऊन, भिंगाखाली बघत. चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो यानातल्या कॉम्प्युटरचा कार्यक्रमसुद्धा असाच तारांनी विणलेला होता. तार कड्यातून गेली तर एक, कड्याच्या बाहेरून गेली तर शून्य. अमेरिकेत वॉल्थम नावाच्या गावी कारखान्यात बायका तो विणत होत्या, आणि त्यांतल्या अनेकजणी आधी कापडाच्या किंवा घड्याळाच्या कारखान्यात काम केलेल्या होत्या. एक तार चुकीच्या बाजूने गेली असती तर यान भरकटलं असतं. त्या कामाला कुणी इंजिनियरिंग म्हटलं नाही. हातकाम म्हटलं.

गेमची गोष्ट या मण्यांपासूनच सुरू होते. १९६२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत पीडीपी-१ नावाचा कॉम्प्युटर होता. किंमत १ लाख २० हजार डॉलर. त्याच्या मेमरीत साधारण ७३ हजार मणी. तिथल्या स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी त्या गोल पडद्यावर दोन अंतराळयानं एकमेकांवर गोळ्या झाडतायत असा खेळ तयार केला, त्याचं नाव स्पेसवॉर. कॉम्प्युटरवर खेळ बनवायचे काही प्रयत्न त्याआधीही झाले होते, पण एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात पसरला तो हा. खेळणारे अर्थातच त्या खोलीत ज्यांना प्रवेश होता ते, म्हणजे बहुतेक मुलगे.

घरात गेम आणला तो राल्फ बेअर या टीव्ही इंजिनियरने. जर्मनीतून लहानपणी घरच्यांबरोबर जीव वाचवून अमेरिकेत आलेला हा माणूस. १९६६ साली त्याच्या डोक्यात आलं, घरोघरी टीव्ही आहे, तो नुसता बघत का बसायचं? त्याच्या खटपटीतून १९७२ मध्ये ओडिसी नावाचा डबा बाजारात आला, किंमत शंभर डॉलर. आजच्या मानाने त्यात काहीच नव्हतं. प्रोसेसर नाही, मेमरी नाही, आवाज नाही, रंग नाही. पडद्यावर दोन-तीन पांढरे ठिपके आणि एक रेघ. मैदान, जंगल, चक्रव्यूह हे सगळं रंगवलेल्या प्लास्टिकच्या पातळ पडद्यांवर असायचं, ते टीव्हीच्या काचेवर चिकटवायचे. गुण मोजायचे कागदावर. डब्यात फासे आणि खोट्या नोटाही मिळायच्या, म्हणजे अर्धा सारीपाट आणि अर्धा टीव्ही.

त्याच वर्षी अटारी कंपनीने पाँग हा खेळ काढला. दोन फळ्या आणि एक चेंडू. त्याचं पहिलं यंत्र कॅलिफोर्नियात सनीव्हेल गावच्या एका दारूच्या गुत्त्यात ठेवलं होतं, नाणं टाकायचं आणि खेळायचं. काही दिवसांत यंत्र बंद पडल्याचा निरोप आला. अटारीचा इंजिनियर ॲल अल्कॉर्न दुरुस्तीला गेला, उघडून बघतो तर बिघाड कसला? नाण्यांचा डबा ओसंडून वाहत होता.

आता चिपकडे वळू. १९७१ साली इंटेल कंपनीने ४००४ नावाचा प्रोसेसर विकायला काढला. नखाहून लहान तुकडा, त्यावर २,३०० ट्रान्झिस्टर, म्हणजे २,३०० बारीक बारीक विजेची बटणं. तो बनवला होता एका जपानी कंपनीच्या हिशोबाच्या यंत्रासाठी. चिप बनवणं म्हणजे काचेच्या खोलीत पांढरे डगले घातलेले शास्त्रज्ञ, असं चित्र आपल्या डोळ्यांपुढे असतं. पण चिपचा तुकडा चौकटीत बसवून त्याला केसाएवढ्या तारा जोडायच्या असतात, आणि त्या काळी ते हातानेच व्हायचं. हे काम कुणी केलं, ते आम्हाला या सगळ्या इतिहासात सर्वात जास्त भिडलं.

फेअरचाइल्ड ही तेव्हाची चिपमधली मोठी कंपनी. १९६५ साली तिने अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात शिपरॉक इथे कारखाना सुरू केला. ही नवाहो या आदिवासी लोकांची जमीन. नवाहो बायका मागावर विणलेल्या नक्षीदार घोंगड्यांसाठी जगभर प्रसिद्ध आहेत. भरभराटीच्या काळात कारखान्यात हजाराच्या वर कामगार होते, बहुतेक सगळ्या नवाहो बायका. १९६९ मध्ये कंपनीने एक पुस्तिका काढली. तिच्यात विणलेल्या नक्षीचं चित्र आणि चिपच्या नक्षीचं चित्र मुद्दाम जवळ जवळ दाखवलं होतं. दिसायला दोन्ही सारखीच! सांगणं असं की या बायकांच्या हातात हे काम पिढीजात आहे, त्यांना ते आपोआप जमतं. वाचताना आम्हाला आपल्याकडचं बोलणं आठवलं. बायकांची बोटं नाजूक, बायकांना चिकाटी फार. म्हणायला कौतुक. पण काम "आपोआप" जमत असेल, तर शिकल्याबद्दल, कसबाबद्दल वेगळे पैसे कशाला द्यायचे? १९७५ मध्ये कामावरून काढण्यावरून तिथे आंदोलन झालं, कारखाना ताब्यात घेतला गेला, आणि कंपनीने तो कायमचा बंद केला. चिप जोडणीचं काम तोवर हाँगकाँग, मलेशिया असं आशियात सरकत होतंच. तिथेही ओळीने बसलेल्या मुलीच. आज तमिळनाडूतल्या मोबाइल जोडणाऱ्या मोठ्या कारखान्यांत जाऊन पाहिलं, तरी बाकावर तरुण मुलीच दिसतात.

शिपरॉक बंद पडलं त्याच्या पुढच्या वर्षी, १९७६ मध्ये, याच फेअरचाइल्डने चॅनल एफ नावाचा व्हिडिओ गेम काढला. तो बनवणाऱ्या चमूचे प्रमुख होते जेरी लॉसन, त्या काळी या धंद्यात मोजकेच असलेल्या कृष्णवर्णीय इंजिनियरांपैकी एक. प्रोसेसर असलेल्या या डब्यात खेळ बदलायचा तर नवीन कॅसेट घालायची, ही सोय पहिल्यांदा झाली. आपण तिला कॅसेटच म्हणायचो, तिकडे कार्ट्रिज म्हणतात. आत फीत वगैरे नसते, चिपच असते.

मग स्वस्ताई आली. १९७५ मध्ये प्रोसेसर शेकड्याने डॉलर देऊन घ्यावा लागायचा, तेव्हा एका छोट्या कंपनीने ६५०२ नावाचा प्रोसेसर २५ डॉलरला विकायला ठेवला. त्यामागे चक पेडल नावाचा इंजिनियर होता. त्या एका चिपने घरातला कॉम्प्युटर आणि घरातला गेम दोन्हींची सोय केली. तिचीच छोटी आवृत्ती अटारीच्या २६०० या गेममध्ये बसली, तीच ॲपल-२ मध्ये, तिचीच बहीण कमोडोर ६४ मध्ये, आणि पुढे तिचीच जपानी नक्कल निन्टेन्डोमध्ये. म्हणजे कॉम्प्युटर आणि व्हिडिओ गेम ही एकाच आईची लेकरं. यंत्र तेच, फक्त एकाला टाइप करायला पट्टी दिली आणि दुसऱ्याला खेळायचा दांडा.

अटारी २६०० मध्ये काम करताना वापरायची मेमरी होती १२८ बाइट. आपण पाठवतो त्या एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. तेवढ्यात अख्खा खेळ चालवायचा! ही कसरत उत्तम जमणाऱ्यांत एक बाई होती, कॅरोल शॉ. बर्कलीच्या विद्यापीठात कॉम्प्युटर शिकून १९७८ मध्ये ती अटारीत लागली. कंपनीचे एक बडे साहेब तिला बघून म्हणाले होते की आता बाई आली, म्हणजे लिपस्टिकचे रंग जुळवायचे, घर सजवायचे खेळ निघतील. हे तिने नंतर मुलाखतीत सांगितलंय. तिने यातलं काही केलं नाही. पुढे दुसऱ्या कंपनीत जाऊन १९८२ मध्ये तिने रिव्हर रेड बनवला. नदीवरून विमान चाललंय, वाटेत बोटी, पूल, मध्येच तेल भरून घ्यायचं. कॅसेटमध्ये जागा होती ४ हजार बाइटची आणि नदी तर मैलोन् मैल. एवढी नदी साठवायची कुठे? तिने नदी साठवलीच नाही. एक छोटं गणित ठेवलं, त्याला सुरुवातीचा एक आकडा दिला. त्या आकड्यापासून गणित पुढचा किनारा काढतं, त्यापासून त्याच्या पुढचा. बी तेच असेल तर रोप तेच उगवतं, तशी दर वेळी नदी तीच उगवते. लक्षात ठेवायचं ते एवढंसं बी. खेळ भरपूर खपला. आजच्या मोठमोठ्या गेममधले डोंगर-दऱ्यासुद्धा पुष्कळदा याच युक्तीने तयार होतात.

ॲपल-२ हा १९७७ चा. तो बनवणाऱ्या स्टीव्ह वॉझनियाकने आधी अटारीसाठी ब्रेकआउट या विटा फोडायच्या खेळाचं यंत्र जोडून दिलं होतं. तोच खेळ आपल्या कॉम्प्युटरवर चालावा म्हणून ॲपल-२ मध्ये रंग, आवाज आणि खेळायची मूठ आली, असं त्याने स्वतः सांगितलंय. पुढे १९७९ मध्ये त्याच ॲपल-२ वर व्हिजिकॅल्क आलं, रकाने पाडून हिशोब मांडायचा तक्ता. प्रभाग संघाचा हिशोब आपण ज्या चौकटींमध्ये भरतो, त्याचं ते मूळ.

आणि १९८० मध्ये त्याच यंत्रावर रॉबर्टा विल्यम्स. दोन मुलांची आई, घर सांभाळणारी. नवऱ्याने घरी आणलेल्या यंत्रावर नुसत्या अक्षरांचा एक साहसी खेळ ती खेळली आणि तिला त्याचं वेड लागलं. यात चित्रं का नाहीत, असं तिला वाटलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिने गोष्ट रचली, एका भयाण घरातल्या खुनाची, आणि चित्रं काढली. नवऱ्याने, केन विल्यम्सने, ते कॉम्प्युटरवर चढवलं. मिस्टरी हाउस त्याचं नाव. चित्रं असलेला साहसी खेळ तोवर नव्हता. खेळाची तबकडी विकायला खोका नव्हता, म्हणून त्यांनी ती दाबून बंद करायच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून विकली. आपल्या गटाच्या चटण्या जातात ना, अगदी तशी. त्यातून जी कंपनी उभी राहिली ती पुढे कॉम्प्युटरवरच्या खेळांतली फार मोठी कंपनी झाली.

जपानमध्येही त्याच वर्षी तोरू इवातानी या तरुणाने पॅकमॅन बनवला. गेमच्या दुकानांत नुसती मारामारी, म्हणून मुली फिरकत नाहीत, तर त्यांना आवडेल असं काहीतरी करू, असं त्याने ठरवूनच केलं होतं. मारामारीऐवजी खाणं आणलं. आणि तो चालला. मग एवढं असताना पुढे बिनसलं कुठे?

१९८३ मध्ये अमेरिकेतला गेमचा धंदा बसला. पीक जास्त झालं की कांद्याचं जे होतं ते गेमचं झालं. जो तो कॅसेटी काढायला लागला, निम्म्या टाकाऊ, दुकानं भरली, भाव पडले. सुमारे ३०० कोटी डॉलरचा घरगुती गेमचा बाजार दोन वर्षांत १० कोटींपर्यंत खाली आला असं सांगतात. अटारीने न खपलेल्या कॅसेटींचे ट्रक न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या कचरा डेपोत नेऊन पुरले. लोकांना ती अफवा वाटायची. २०१४ मध्ये खणलं, तर खरोखर निघाल्या.

याच पडत्या काळात जपानची निन्टेन्डो अमेरिकेत शिरू पाहत होती. ही कंपनी मुळात १८८९ पासून क्योतो शहरात खेळायचे पत्ते बनवणारी. तिचा फॅमिकॉम हा गेम जपानात १९८३ पासून धडाक्यात खपत होता. पण अमेरिकेतले दुकानदार व्हिडिओ गेम हा शब्द ऐकायला तयार नव्हते, त्यांचे हात पोळले होते. मग १९८५ मध्ये निन्टेन्डोने त्याचं रूप बदललं. व्हीसीआरसारखा दिसणारा डबा, आणि सोबत एक प्लास्टिकचा छोटा रोबो. हा व्हिडिओ गेम नाही, हे खेळणं आहे, असं सांगून तो खेळण्यांच्या दुकानात ठेवायला लावला.

आणि खेळण्यांच्या दुकानाची एक रीत असते. एका बाजूला बाहुल्या, भातुकली, गुलाबी रंग. दुसऱ्या बाजूला गाड्या, बंदुका, निळा रंग. मध्ये काही नसतं. टीव्हीच्या विभागात असताना गेम सगळ्या घराचा होता. जुन्या जाहिरातींत आई, बाबा, आजी, मुलगी सगळे खेळताना दिसतात. खेळण्यांच्या दुकानात आल्यावर त्याला एक बाजू घ्यावी लागली. रोबो असलेलं खेळणं कुठल्या बाजूला जाणार? ते मुलग्यांच्या बाजूला गेलं. मग जाहिराती मुलग्यांसाठी, मग खेळही मुलग्यांना आवडतील असे, मग मुली खेळत नाहीत म्हणून आणखी तसेच. १९८९ मध्ये निन्टेन्डोने हातात धरायचा गेम काढला, त्याचं नावच गेम बॉय. घरगुती कॉम्प्युटरही त्याच वाटेने गेला. निम्मा तो खेळण्यासाठीच घेतला जायचा, म्हणून तो मुलाच्या खोलीत गेला.

याचा परिणाम मोजलेला आहे. अमेरिकेत कॉम्प्युटरची पदवी घेणाऱ्यांत मुली वाढत वाढत १९८४ च्या सुमाराला ३७ टक्क्यांपर्यंत पोचल्या होत्या. वकिली, डॉक्टरी सगळीकडे त्या पुढेही वाढत गेल्या. फक्त इथे उलटं झालं आणि पुढच्या पंचवीस वर्षांत त्या १८ टक्क्यांच्या आसपास आल्या. कारण एवढं एकच होतं असं आम्ही म्हणणार नाही. पण पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी नव्वदच्या दशकात मुलामुलींशी बसून बोलून याचा अभ्यास केला, तेव्हा हेच पुढे आलं. मुलगे घरच्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं खेळून, उघडून, मोडून आलेले. मुली पहिल्या दिवसापासून मागे, आणि त्यांना वाटायचं आपल्यात डोकंच कमी. विद्यापीठाने काय केलं? सुरुवातीचे वर्ग अनुभवाप्रमाणे वेगळे केले, प्रवेश देताना आधीच्या अनुभवावरचा भर कमी केला, शिक्षकांशी बोलले. तिथल्या कॉम्प्युटर विभागात १९९५ मध्ये १०० नव्या विद्यार्थ्यांत ७ मुली होत्या, २००० मध्ये ४२ झाल्या. पाच वर्षांत मुलींची डोकी बदलली असं तर कुणी म्हणणार नाही.

आपल्या देशात गोष्ट जरा वेगळी घडली. आपल्याकडे कॉम्प्युटर घरात खेळणं म्हणून आला नाही. तो बँकेत, तिकिटाच्या खिडकीवर, आणि मग क्लासमध्ये नोकरीचं शिक्षण म्हणून आला. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी सुरू झालं, तेव्हा मुलगा-मुलगी दोघंही शून्यापासूनच शिकत होती. म्हणून शहरांतल्या कॉलेजांत कॉम्प्युटरच्या वर्गात आपल्याकडे अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त मुली दिसतात. ही आपली जमेची बाजू आहे. तीच आपण आता "तो गेम खेळतो म्हणून त्याला कळतं" या बोलण्यापायी घालवायला निघालोय की काय, अशी आम्हाला भीती वाटते. कारण गेम आपल्याकडे कॉम्प्युटरमधून नाही, तरी टीव्हीतून आलाच. आमच्या वयाच्या बायकांना आठवत असेल, दिवाळीच्या सुट्टीत कुणाच्या तरी घरी मामा टीव्हीचा गेम घेऊन यायचा. फॅमिकॉमच्या त्या नकला, आत त्याच ६५०२ च्या जातीची चिप. मारिओ, कॉन्ट्रा, आणि डबीवर लिहिलेलं ९९९९ खेळ असलेलं, ज्यात खरे खेळ वीस-पंचवीसच. रिमोट दोन असायचे, दोन्ही भावांच्या हातात. आम्ही कॅसेट चालेना झाली की फुंकर मारायच्या कामाला. त्या फुंकरीने खरं तर काही होत नव्हतं. कॅसेट काढून पुन्हा बसवली की आतले धातूचे दात नीट टेकायचे, म्हणून चालायची. उलट तोंडाच्या ओलाव्याने दात गंजायचे.

बदकं मारायची बंदूक आठवते? सगळ्यांना वाटायचं, बंदुकीतून काहीतरी किरण निघून टीव्हीला लागतो. बंदुकीतून काहीच निघत नाही. ती बंदूक म्हणजे डोळा आहे. चाप ओढला की टीव्ही एका क्षणापुरता काळा होतो, आणि बदकाच्या जागी फक्त पांढरा चौकोन येतो. बंदुकीतल्या डोळ्याला आधी काळोख आणि लगेच उजेड दिसला, तर बदक मेलं. एवढंच. आपल्या डोळ्यांना तो चौकोन जेमतेम जाणवतो. आजच्या सपाट टीव्हीवर ती बंदूक चालत नाही, कारण तो चौकोन त्यावर अगदी त्या क्षणी उमटत नाही, किंचित उशिरा उमटतो.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. नव्वदच्या दशकात गेममध्ये खरं वाटणारं जग हवं झालं. पडद्यावर लाखो ठिपके असतात आणि प्रत्येकाचा रंग सेकंदाला तीस-साठ वेळा काढायचा. नेहमीचा प्रोसेसर म्हणजे एकटा हुशार गडी, एकामागून एक काम उरकणारा. त्याला हे झेपेना. मग ग्राफिक्स कार्ड आलं. ते खुरपणीसारखं असतं. शंभर बायका ओळीने उभ्या, प्रत्येकीची पात वेगळी, काम सगळ्यांचं एकच, आणि रान दुपारपर्यंत साफ. एन्व्हिडिया ही कंपनी १९९३ साली निघाली ती गेमसाठी अशी कार्डं बनवायला. २०१२ मध्ये टोरोंटोच्या तिघा संशोधकांनी गेमची दोन साधी कार्डं घेऊन कॉम्प्युटरला फोटोतलं काय आहे ते ओळखायला शिकवलं, आणि एका मोठ्या स्पर्धेत सगळ्यांना मागे टाकलं. आज ज्याला एआय म्हणतात त्याची लाट तिथून उसळली. ते शिकले ज्या लाखो फोटोंवरून, तो साठा जमवला होता फेई-फेई ली या बाईंनी. चीनमधून पंधराव्या-सोळाव्या वर्षी अमेरिकेत आलेली मुलगी, आईवडिलांचं कपडे धुण्याचं दुकान सांभाळत शिकलेली. आपल्या पुण्यात सी-डॅकने २०२० मध्ये उभा केलेला परम सिद्धी-एआय हा महासंगणक, जो त्या वर्षी जगात ६३ वा आला, त्याच्या आतही त्याच घराण्यातली कार्डं आहेत. आणि आपण फोनवर मराठीत बोललो की अक्षरं उमटतात, ते फोनला शिकवलंय असल्याच यंत्रांनी.

आता कामाचं बोलू. पुढच्या बैठकीत कुणी लॅपटॉपसाठी कर्ज मागितलं, तर अर्जावर एक रकाना आम्ही वाढवतोय: घरात तो कोण कोण वापरणार, आणि रोज किती वेळ. नाव एकच असलं तरी अर्ज नाकारायचा नाही, पण विचारायचं. ज्या दोन गावांत हे सुरू केलं, तिथे आतापर्यंत तीन अर्जांवर मुलीचं नाव नंतर जोडलं गेलं. एका ताईने तर स्वतःचंच लिहिलं.

आणि कुणाच्या माळ्यावर तो जुना टीव्हीचा गेम पडला असेल, तर येत्या मासिक बैठकीला घेऊन या, मुलींनाही आणा. उघडून आत चिप कुठे आहे, कॅसेटचे दात कुठे टेकतात, बंदुकीतला डोळा कसा असतो ते बघू. पेचकस आम्ही आणू. टीव्ही मात्र घरी कुणी उघडायचा नाही, जुन्या नळीच्या टीव्हीत बटण बंद केल्यावरही बराच वेळ वीज साठून राहते.